काळी गाडी: मशीन लावण्याआधी फडकं बदला

नेरूळच्या एका गाडीमालकांनी विचारलं आहे: तीन वर्षांची काळी सेडान आहे. रोज महाप्याला ऑफिसला जाणं-येणं, घरी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत) पार्किंग, ऑफिसपाशी झाडाखाली. सावलीत गाडी छान दिसते, पण रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली उभी राहिली की बॉनेटभर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. एका दुकानात २,५०० रुपयांत रबिंग-पॉलिश सांगितलं, दुसरीकडे २५,००० रुपयांत सिरॅमिक कोटिंग. कुठलं घ्यावं? घरी स्वतः केलं तर जमेल का? आणि पाऊस तोंडावर आलाय, तर आत्ता करावं की नंतर?

मी ठाण्यात हेच काम करतो. माझं म्हणणं असं की दोन्ही दुकानांना आत्ता थांबवा आणि तुमची गाडी रोज सकाळी कोण पुसतं, कशाने पुसतं, ते एकदा खाली उतरून बघा. त्यात बदल न करता पॉलिशचं मशीन लावलंत, तर दोन-तीन महिन्यांत जाळं परत येईल आणि रंगावरचा थर मात्र कायमचा पातळ झालेला असेल.

हे जाळं कसं तयार होतं ते आधी सांगतो. आजकालच्या गाडीवर पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपण चमक म्हणतो ती या क्लिअर कोटच्या पृष्ठभागाची. तो सपाट असेल तर प्रकाश एकाच दिशेने परततो आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या बॉनेटमध्ये मोजता येतात. त्यावर चरे पडले की प्रत्येक चऱ्याची कड थोडा प्रकाश भलतीकडे फेकते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीत खालचा रंग स्वतःच इतका प्रकाश परत पाठवतो की हा विखुरलेला प्रकाश त्यात हरवून जातो. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे चऱ्यांवरचा तेवढाच उजेड डोळ्यांत भरतो. ओरखडे सगळ्याच गाड्यांना पडतात. काळ्यावर ते लपत नाहीत, एवढाच फरक. आणि गोल दिसतात म्हणून कोणीतरी फडकं गोल फिरवलं असं समजू नका. चरे सगळ्या दिशांना असतात, पण दिव्याच्या दिशेला आडवे पडणारे तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. टॉर्च हलवून बघा, वर्तुळंही सोबत हलतील. चरे फार वाढले की काळा करडा दिसायला लागतो. लोक म्हणतात रंग उडाला. रंग खाली जागेवरच असतो, त्यावरचा क्लिअर कोट घासला गेलेला असतो.

हे चरे बहुतेक वेळा रस्त्यावर पडत नाहीत, पार्किंगमध्ये पडतात. सोसायटीत महिन्याच्या पैशांवर गाड्या पुसणारा माणूस पहाटे येतो, त्याच्याकडे एक बादली, दोन फडकी आणि ओळीने गाड्या. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत पाणी मातकट झालेलं असतं. ठाणे-बेलापूर रोडवरून आलेल्या तुमच्या गाडीवर डंपरमधून उडालेली खडीची भुकटी, सिमेंट आणि वाळूचे कण बसलेले असतात. घोडबंदर रोडवरच्या माझ्या गिऱ्हाइकांची मेट्रोच्या कामाच्या धुळीमुळे तीच गत. वाळूतला क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. तो ओलसर फडक्याखाली दाबून ओढला की प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो. असं आठवड्यातून सहा दिवस. डिकीत ठेवलेला तो लाल धाग्यांचा डस्टरही तेच करतो. तो हाताला मऊ लागतो, पण धूळ त्याच्या धाग्यांत साठत जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ बॉनेटवर फिरते. तो डस्टर आजच घरातल्या कपाटांसाठी द्या.

गाडी पुसणाऱ्या माणसाला काढून टाका असं मी कधीच सांगत नाही. पहाटे उठून कष्ट करणारा माणूस आहे, त्याला पद्धत बदलून द्या. रोज त्याने फक्त काचा, चाकं आणि आतले मॅट करावेत. रंगवलेल्या भागाला हात लावू नये. गाडी दोन-तीन दिवस धुळकट दिसली तर दिसू दे. आठवड्यातून एकदा तुमच्या सामानाने नीट धुवायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या गाड्या या एवढ्या बदलावर वर्षानुवर्षं चांगल्या राहिल्या आहेत.

नीट धुणं म्हणजे आधी हात न लावता भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ देणं. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोज्यासारखा मायक्रोफायबरचा मिट साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच परत शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात, दरवाजाखालच्या पट्ट्या आणि बंपरचा खालचा भाग शेवटी, चाकांसाठी कापड वेगळं. शॅम्पू गाडीचाच घ्या. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वर लावलेलं वॅक्स काढून टाकतो. बऱ्याच सोसायट्यांत पाईप लावायला बंदी असते आणि पाण्याची टंचाई बघता ते योग्यच आहे. तिथे रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण वापरा. बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण, त्यात आठ-दहा मायक्रोफायबर भिजवून ठेवायचे, तेच पाणी स्प्रेने गाडीवर मारून मिनिटभर थांबायचं, आणि प्रत्येक भागाला कापडाची नवी घडी. एकदा वापरलेलं कापड त्या बादलीत परत जाता कामा नये, सगळी गोम त्यातच आहे. गाडीवर चिखल असेल तर मात्र रिन्सलेस चालणार नाही, आधी पाणी हवंच.

पाणी कुठलं आहे तेही बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर फारसा त्रास नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुतेकदा जड असतं. ते काळ्या पत्र्यावर उन्हात वाळलं की क्षार मागे राहतात आणि पांढऱ्या कड्या उमटतात. ताज्या असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापडाने मिनिटभर लावा, विरघळतात, मग भरपूर पाण्याने धुवा. महिनोन्महिने राहिल्या तर क्लिअर कोटमध्ये खळगे पडतात आणि ते मशीननेही पूर्ण निघतील याची खात्री नसते. म्हणून गाडी सावलीत धुवा आणि लगेच टिपा. टिपण्यासाठी मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरवून हलकेच ओढायचा. दाब द्यायचा नाही.

ऑफिसपाशी झाडाखाली लावता म्हणालात. पर्जन्यवृक्ष असेल तर त्यावरच्या किडीचा चिकट स्राव गाडीवर पडतो. सोनमोहराच्या पाकळ्या ओल्या होऊन चिकटून राहिल्या की डाग पडतो. पण सगळ्यांत वाईट पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते, आणि मे महिन्यातल्या काळ्या बॉनेटवर क्लिअर कोट तापून मऊ झालेला असताना दिवसभरात खोलवर डाग पाडते. गाडीत एक पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ कापडं ठेवा. विष्ठेवर ओलं कापड दोन मिनिटं ठेवायचं, मऊ झाली की उचलून घ्यायची. नखाने किंवा कोरड्या टिश्यूने खरवडू नका, तिच्यात वाळू असते.

आता मशीनकडे वळू. बॉनेटवर तळहात फिरवून बघा. धुतल्यावरही खरखरीत लागत असेल तर त्यात लोखंडाचे बारीक कण रुतलेले आहेत. ते ब्रेकच्या झिजेतून येतात, आणि तुमच्या रस्त्याला ट्रान्स-हार्बर लोकलचे रूळ अगदी लागूनच आहेत, त्यामुळे रेल्वेचंही लोखंड त्यात असणार. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंड विरघळवणारा स्प्रे, मारला की हे कण जांभळे होऊन ओघळतात. वास उग्र असतो, मोकळ्या जागेत करा. उरलेलं क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ वडीने, काढायचं, तेही शॅम्पूच्या पाण्याचा भरपूर ओलावा ठेवून. काळ्या रंगावर क्लेमुळे स्वतःचे हलके चरे पडतात, त्यामुळे पॉलिश करायचंच असेल तेव्हाच क्ले करा, अधेमधे हौस म्हणून नको.

पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडासा कापून चऱ्याच्या तळाच्या पातळीवर आणणं. चरा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग खाली येतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. नीट केलेल्या एका पॉलिशमध्ये त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात, जोरात केलं तर त्याहून बरेच जास्त. उन्हातली अतिनील किरणं अडवणारं रसायनही याच क्लिअर कोटमध्ये असतं. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटतात, आणि काळी गाडी उन्हात जास्त तापते म्हणून तिथे हे लवकर होतं. मग रंग पुन्हा मारण्यावाचून इलाज नाही. दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो.

यातच तुमच्या पहिल्या दुकानाचं उत्तर आलं. २,५०० रुपयांत जे होतं ते बहुतेक वेळा एकच रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं), एकच लोकरीचं पॅड आणि दाणेदार कंपाउंड (घासून कापणारी पेस्ट), दोन तासांत पूर्ण गाडी. त्या दिवशी गाडी चमकते, कारण त्यावर तेल आणि भराव असतो. चार धुण्यांत तो निघून जातो आणि उन्हात नागमोडी, धुरकट पट्टे दिसायला लागतात. त्यांना आम्ही होलोग्राम म्हणतो, आणि काळ्या गाडीवर ते जाळ्यापेक्षाही वाईट दिसतात. रोटरी वाईट मशीन आहे असं अजिबात नाही. कसलेल्या हातात ते उत्तम काम करतं, पण त्यानंतर बारीक पॉलिशची फेरी हवी, आणि त्या पैशांत ती कोणी करू शकत नाही.

दुसऱ्या दुकानाला नाही म्हणण्याआधी त्याला काही गोष्टी विचारा. गाडी किती दिवस ठेवणार? सकाळी घेऊन संध्याकाळी कोटिंग करून देतो म्हणाला तर ओरखडे तसेच आत राहतील आणि त्यावर कोटिंग बसेल. जाडी मोजायचं यंत्र आहे का, आणि आधीचे व नंतरचे आकडे लिहून देशील का? एखाद्या दरवाजावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर तो बहुधा पुन्हा रंगवलेला आहे, तिथे वेगळं वागावं लागतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, तिथे अंदाजावरच आणि हलक्या हाताने काम करावं लागतं. आणि मुख्य म्हणजे पॉलिश झाल्यावर, कोटिंगच्या आधी, मला गाडी उन्हात बघायला बोलावशील का? याला हो म्हणणारा माणूस मिळाला तर त्याला चार पैसे जास्त द्या.

सिरॅमिकबद्दल गैरसमज फार आहेत. ते सिलिकावर आधारलेलं द्रव असतं, क्लिअर कोटला घट्ट धरून बसतं, पाणी आणि घाण सहज निसटते, धुणं सोपं होतं. ओरखडे थांबवत नाही. जाहिरातीतलं ‘नाइन एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणावर आधारलेल्या चाचणीतलं माप आहे, त्याचा अर्थ वाळूने चरा पडणार नाही असा होत नाही. खडे आणि घासणं थांबवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, पण त्याचा खर्च बराच जास्त. शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकतात त्यावर तर पैसे घालूच नका. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, तव्याला ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीवर हाताने पुसून लावलेली वस्तू म्हणजे साधं सीलंटच, वॅक्ससारखा वरून द्यायचा संरक्षक थर. तुमचं रोजचं पुसणं बदललं नाही तर २५,००० चं कोटिंगही तसंच चरे खाईल, आणि बदललं तर आठशे-हजाराच्या चांगल्या सीलंटवरही तुमची गाडी बघत राहावी अशी दिसेल. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सीलंटवर काढा. सवय टिकली तर मग कोटिंगचा विचार करा.

स्वतः करायचं असेल तर जमेल, माझा त्याला पाठिंबाच आहे. मात्र ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतंही आणि डोलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या हाताने रंग जाळण्याचा धोका कमी राहतो. ड्रिलला लावायचं स्पंजचं पॅड नको. पाच इंची फोम पॅड, मऊ आणि मध्यम, प्रत्येकी निदान तीन घ्या. पॅडचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे रंग पाहून नव्हे, वर लिहिलेलं वाचून निवडा. रबरी पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, लोगो आणि पत्र्याच्या धारांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि पॅड तिथेच सर्वांत जास्त दाबलं जातं.

आणि पूर्ण गाडीला सुरुवात करू नका. बॉनेटवर हात-दीड हाताचा चौकोन टेपने आखा आणि त्यावर प्रयोग करा. नेहमी मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरू करा. ऐंशी टक्के जाळं गेलं तर तिथेच थांबा, तीच तुमच्या गाडीची पद्धत. नाही गेलं तर मध्यम पॅड, तरीही नाही तर कंपाउंड. जपानी गाड्यांचा क्लिअर कोट बहुतेकदा मऊ असतो, बारीक पॉलिशनेही सुधारतो, पण तितक्याच लवकर त्याला पुन्हा चरे पडतात. जर्मन गाड्यांचा सहसा कठीण, तिथे घाम निघतो. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करायचं, आधी हळू पसरवायचं, मग मशीनचा वेग चार-पाच आकड्यावर ठेवून सावकाश, सेकंदाला इंच-दीड इंच, निम्मा पट्टा आधीच्या पट्ट्यावर येईल अशा उभ्या-आडव्या चार ते सहा फेऱ्या. पॅडच्या मागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही म्हणजे तुम्ही जास्त दाबताय, मशीन नुसतं थरथरतंय आणि काप होत नाहीये. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा. पत्रा कोमट लागला तर चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा.

काळ्या रंगाला एक फेरी सहसा पुरत नाही. कंपाउंडने जाळं जातं पण मागे बारीक धुरकटपणा राहतो, पांढऱ्या गाडीवर तो दिसतही नाही. इथे मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिशची शेवटची फेरी, जवळजवळ दाब न देता, अशी घ्यायचीच. ज्या खोल ओल्या काळेपणासाठी आपण हे सगळं करतो तो या फेरीत येतो. मला अजूनही या फेरीत पत्र्यावरून नजर हलवता येत नाही. पुसायला लेबल काढलेलं, कडेला शिवण नसलेलं जाड मायक्रोफायबर घ्या, कारण एवढ्या मेहनतीनंतर टॉवेलचेच चरे पडलेले मी नेहमी बघतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल १०-१५ टक्क्यांपर्यंत पातळ करून एकदा पुसा, म्हणजे तेलाने झाकलेलं काही असेल तर उघडं पडेल. तपासणी एलईडी टॉर्चने आणि सकाळच्या उन्हात करा. स्टिल्टमधल्या ट्यूबलाइटमध्ये चमक दिसते, चरे दिसत नाहीत. नख अडकेल एवढा खोल ओरखडा मात्र सोडून द्या, त्याच्या मागे लागलात तर क्लिअर कोट संपेल. बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखलपणा दिसेल, तो कारखान्यातूनच आलेला असतो. पाण्याच्या पेपरने (ओल्या सँडपेपरने) घासून तो काढणारे लोक आहेत, रोजच्या वापरातल्या गाडीला मी कधीच सुचवत नाही.

शेवटी वेळेचं. मे महिन्याच्या दुपारी कंपाउंड पत्र्यावर पडल्या पडल्या सुकतं आणि भुकटी उडते. पावसाळ्यात उलट, ते सुकतच नाही, कापडं दमट राहतात आणि सिरॅमिकसारखं कोटिंग दमट हवेत नीट बसवणं अवघड जातं. त्यात चार महिने चिखल. म्हणून पूर्ण पॉलिश ऑक्टोबरच्या शेवटी, हवा कोरडी झाल्यावर करा, सकाळी लवकर आणि सावलीत. आत्ता पावसाआधी फक्त एवढं: गाडी नीट धुवा, आयर्न रिमूव्हर मारा, आणि हाताने सीलंटचा पातळ थर द्या. एका पॅनेलवर लावा, पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर पुसा, मग पुढचं पॅनेल. पहिल्या थरानंतर बारा तासांनी दुसरा. पावसाळाभर पाणी गोळ्या होऊन ओघळत राहिलं तर थर शाबूत आहे. पाणी पसरून बसायला लागलं की, बहुधा सप्टेंबरच्या सुमारास, पुन्हा एक थर. आणि पावसात भिजून आलेली गाडी त्या रात्री कोणालाही पुसू देऊ नका. ती भिजलेलीच उभी राहू दे, रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन धुवा.